एक आणि एक

माणसाने मागितलेली वस्तू आपल्याला कळत नसली, की ती त्याला नकोच याविषयी आपली खात्री अधिक पक्की होते. दिवाळीला चार दिवस असताना माझ्या पुतण्याने माझ्याजवळ नऊ हजार रुपये मागितले, तेव्हा माझे असेच झाले. घरात झाडलोट चालली होती. त्याने आपला संगणक ओट्यावर आणून त्याच्या बाजूचा पत्रा काढला होता आणि रंगाच्या जुन्या ब्रशाने तो आतली धूळ झाडीत बसला होता. आमच्या पहूरची धूळ म्हणजे काही थोडीथोडकी नव्हे. जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता गावातूनच जातो, आणि त्यावरून जाणारा प्रत्येक ट्रक आपली थोडी आठवण आमच्या घरांत ठेवून जातो.

"नाना," तो म्हणाला, "असंच दुसरं ग्राफिक्स कार्ड जळगावला मिळतंय. वापरलेलं आहे, पण चांगलं आहे. दोन्ही जोडली की भागेल."

"काय भागेल?"

"तीन पडद्यांचं."

तीन पडद्यांची हकीकत मला ठाऊक होती. एक मॉनिटर त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावाने, आप्पाने, घेऊन दिला होता. दुसरा एका बंद पडलेल्या संगणकवर्गातून पडत्या भावात आला. तिसरा त्याने सुट्टीत एका दुकानात काम करून मिळवला. तिन्ही शेजारी शेजारी मांडून तो ट्रक चालवण्याचा खेळ खेळतो. मधल्या पडद्यावर समोरचा रस्ता, डाव्या-उजव्या पडद्यांवर खिडक्या आणि आरसे. युरोपातल्या ओल्या रस्त्यांवरून हा मुलगा रात्री अकरा वाजता चाळीस टन माल घेऊन निघतो, आणि त्याच वेळी दाराबाहेर खऱ्या ट्रकांचे भोंगे वाजत असतात. मी हसलो. "ट्रकच बघायचे तर चौकात जाऊन उभा राहा," असेही म्हणालो. तो काही बोलला नाही. पुन्हा धूळ झाडू लागला.

त्याच्या गप्प बसण्याने मी जरा ओशाळलो. 'कशाला हवं?' हा वडीलधाऱ्यांचा फार सोयीचा प्रश्न आहे, कारण तो नेहमी दुसऱ्याला विचारायचा असतो. माझ्या कपाटात चार शब्दकोश आहेत आणि एका वेळी मी एकच उघडतो. त्यांविषयी मला कुणी हा प्रश्न विचारला असता, तर मी त्याला अरसिक म्हटले असते. शिवाय त्याच आठवड्यात माझ्या टेबलाच्या खणात एक कागद पडून होता. तो आप्पाने दसऱ्याला आणून दिला होता आणि 'दिवाळीनंतर पाहू' म्हणून मी तो खणात सरकवला होता. त्यामुळे कुणाच्याही मागणीला झटकन नाही म्हणण्याची माझी मनःस्थिती नव्हती. मी त्याच्या शेजारी बसलो आणि म्हणालो, "बरं, मला समजावून सांग."

त्याने जे सांगितले ते मला आधी कळले नाही. पुढे दोन-तीन संध्याकाळी त्याच्याकडून आणि थोडे वाचून कळले, ते असे. पडदा म्हणजे ठिपक्यांची जाळी. त्याच्या एका पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके आहेत. तीन पडद्यांवर ते ६२ लाख २० हजार ८०० होतात. चित्र सफाईने हलते आहे असे डोळ्याला वाटायचे तर सेकंदाला साठ चित्रे काढावयाची; म्हणजे दर सेकंदाला ३७ कोटी ३२ लाख ४८ हजार ठिपक्यांचा रंग ठरवायचा. झाडाची सावली रस्त्यावर कुठे पडेल, समोरच्या काचेवर पावसाचा थेंब कसा ओघळेल, हे सगळे मोजून तो रंग ठरतो. हे काम कार्डाचे. मला वाटत होते की तीन पडद्यांना तीन कार्डे लागत असतील. तसे नाही. त्याच्याजवळचे कार्ड, जीटीएक्स १०७०, हे २०१६ साली बाजारात आले. त्याला एकट्याला चार पडदे जोडता येतात. चित्र तिन्ही पडद्यांवर उमटते. पण कार्ड दमते, आणि ट्रक वळणावर अडखळतो.

"मग दोन जोडली की वेग दुप्पट होईल," मी म्हणालो. अंकगणित मी तीस वर्षे शिकवले आहे.

"नाही होणार," तो म्हणाला. हे उत्तर त्याला त्याच्या मागणीच्या दृष्टीने गैरसोयीचे होते, तरी त्याने ते दिले. त्या क्षणी मला तो आवडला.

दोन कार्डे एका कामाला जुंपण्याची कल्पना बरीच जुनी आहे. १९९८ साली थ्रीडीएफएक्स नावाच्या कंपनीने व्हूडू २ हे कार्ड आणले. तशी दोन घेतली की पडद्यावरच्या ओळी त्यांच्यात वाटल्या जात. एकाने विषम ओळी रंगवायच्या, दुसऱ्याने सम. ही वाटणी मला फार गोड वाटली. दोघी जणी एकाच रांगोळीवर बसल्या आहेत आणि एकमेकींच्या हाताला हात न लावता ओळी भरीत चालल्या आहेत, असे काहीसे चित्र डोळ्यांसमोर आले. ती कंपनी फार दिवस टिकली नाही; तिची मालमत्ता एनव्हिडियाने घेतली आणि २००४ साली तेच 'एसएलआय' हे नाव नव्या अर्थाने पुन्हा चालू केले. पुढच्याच वर्षी एटीआय कंपनीने आपली 'क्रॉसफायर' ही जोडणी आणली. दोन कार्डांच्या माथ्यावर एक बोटभर लांबीची पट्टी बसवीत. तिला पूल म्हणत.

पण नव्या खेळांत चित्राच्या ओळी इतक्या सरळ वाटता येईनात. मग बहुधा अशी वाटणी होऊ लागली की पहिले चित्र एका कार्डाने काढायचे, दुसरे दुसऱ्याने, तिसरे पुन्हा पहिल्याने. येथून अडचणी सुरू झाल्या. दोघांनाही आपापले चित्र पुरते काढायचे असल्यामुळे खेळातले सारे जग, म्हणजे रस्ते, झाडे, ढग, दोघांनाही आपापल्या स्मरणात जसेच्या तसे ठेवावे लागते. एका कार्डाचे स्मरण आठ जीबी आणि दुसऱ्याचे आठ. पण जोडीचे सोळा होत नाही, आठच राहते. एक अधिक एक बरोबर एक! दोघांचा ताल थोडा चुकला की चित्रे ठराविक अंतराने येत नाहीत. एक आठ हजारांश सेकंदाने आले आणि पुढचे पंचवीस हजारांशाने, तर सरासरी चांगलीच भरते. डोळ्याला मात्र ठेच लागते. सरासरी हा प्रकार किती फसवा आहे हे शिक्षकाला कुणी सांगायला नको. दीडशे वॉटचे एक कार्ड, तशी दोन म्हणजे तीनशे. त्यांची उष्णता निराळी. आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिसाकडे जातो, तेव्हा पंख्यालाही धाप लागते.

आणि शेवटची अडचण अशी की ही जोडी आपोआप नांदत नाही. प्रत्येक खेळासाठी कुणीतरी बसून या दोघांनी काम कसे वाटून घ्यायचे हे लिहून द्यावे लागे. २०२० साली एनव्हिडियाने जाहीर केले की १ जानेवारी २०२१ पासून जुन्या कार्डांसाठी असे नवे काही लिहून दिले जाणार नाही. २०२२ साली आलेल्या त्यांच्या सर्वांत बलाढ्य खेळकार्डावर, आरटीएक्स ४०९० वर, पूल बसवायची जागाच नव्हती.

"इतकं सगळं माहीत आहे, तर मग दुसरं कार्ड का घेतोस?" मी विचारले.

"नवं मोठं एकच घेणं परवडत नाही म्हणून," तो म्हणाला.

त्या रात्री मला झोप लागेना. खणातल्या कागदाविषयी आता सांगितले पाहिजे. तो वाटणीचा कागद होता. आमची अकरा एकर जमीन वडिलांच्या पश्चात आम्हा दोघांच्या नावावर सामाईक आहे. मी नोकरीनिमित्त जिल्हाभर फिरलो, निवृत्त होऊन गावी आलो. आप्पाने शेती पाहिली. घर एक, विहीर एक, चूल एक. आमच्या भागात अशी घरे आता मोजकीच उरली आहेत, आणि त्याचा मला अभिमान होता. पाहुण्यारावळ्यांसमोर मी त्याचे गणितही मांडीत असे: एका विहिरीवर दोघांचे भागते, एका ट्रॅक्टरवर भागते, एका चुलीवर सरपण वाचते, वेगळे झाले की सगळे दुप्पट लागेल. हे गणित मी इतक्या वेळा मांडले होते की ते तपासण्याचे मला कधी सुचले नाही. आता पुतण्याने माझ्या हाती कसोटी दिली होती, आणि कसोटी हाती आली की माणूस नको तिथे घासून पाहतो.

एकत्र राहिल्याने खरोखर किती वाचते? माझी पत्नी आणि भावजय या दोघींना घरातले सगळेच्या सगळे लक्षात ठेवावे लागते: कुणाचे औषध कधी, कोणत्या पाहुण्याला काय चालत नाही, दळण कधी संपेल. दोन डोकी, पण दोघींत तेच जग पुन्हा एकदा. स्मरण आठच. आणि हे आम्ही एकत्र राहिलो ते तरी कशामुळे? १९७२ च्या दुष्काळात वडील आणि काका यांनी मिळून विहीर खोदली, कारण एकेकट्याला खोदणे परवडत नव्हते. परवडत नव्हते म्हणून जे केले, त्याला पुढे आम्ही तत्त्व म्हणू लागलो. गरिबीत केलेल्या तडजोडीला सुबत्तेत सद्गुण म्हणण्याची खोड फक्त आमच्याच घराला असेल असे मला वाटत नाही.

कुणी म्हणेल, यंत्राचा नियम माणसाला कशाला लावता? मान्य आहे. पण मी तरी माझ्या घराचे समर्थन कोणत्या भाषेत करीत होतो? यंत्राच्याच भाषेत! इतके सरपण वाचते, इतके डिझेल वाचते. ज्या गोष्टीचे समर्थन केवळ बचतीने केले, ती गोष्ट बचत संपली की संपलीच पाहिजे. एनव्हिडियाने पूल काढून टाकला तो याच न्यायाने, आणि त्यात त्यांचे काही चुकले नाही. आप्पाने दसऱ्याला आणलेला कागद माझ्याच गणिताचे उत्तर होता. मग मला राग का आला?

जोडणे मुळातच वेडेपणाचे आहे असेही म्हणता येत नाही. अतिवेगवान संगणक मिळवण्यात अमेरिकेची बंधने आड आली, तेव्हा पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था उभी राहिली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली 'परम ८०००' हे यंत्र तयार झाले. चौसष्ट लहान लहान प्रक्रियक एकत्र जोडून त्यांनी ते बांधले. तेथेही कारण तेच: नवे मोठे एकच यंत्र मिळत नव्हते. पण तेथे जोड फळली, कारण हवामानासारखे काम तुकड्यांत वाटता येते. प्रत्येकाने आपापल्या चौकोनातला वारा मोजायचा आणि शेजाऱ्याला सांगायचा. आजही बुद्धी शिकवण्याच्या कारखान्यांत अशीच हजारो कार्डे एकत्र राबतात. याची मर्यादा जीन अॅमडाल यांनी १९६७ सालीच दाखवून दिली होती. कामाचा दहावा हिस्सा जरी अविभाज्य असला, तरी तुम्ही हजार गडी लावा, काम दहापटीहून लवकर उरकत नाही. बाकीचे सगळे त्या एका हिश्शाची वाट पाहत उभे राहतात.

'वाट पाहत' या शब्दांपाशी मी अडकलो. जोडीत वेग कुठे जातो, तर वाट पाहण्यात. एक कार्ड तगडे आणि दुसरे मंद असले, तर तगड्याला मंदाच्या चालीने चालावे लागते. म्हणून तर ती एकसारखी घ्यायची.

लहानपणी आमच्याकडे एक बैलजोडी होती, तिच्यातला एक बैल वयाने उतरला होता. पोळ्याला दोघांची शिंगे सारखीच रंगत. पण वखराला जुंपताना वडील एक युक्ती करीत. ओढीची दोरी ते जुवाच्या नेमक्या मध्यावर बांधीत नसत. ती चार बोटे तगड्या बैलाच्या बाजूला सरकवून बांधीत. त्यामुळे म्हाताऱ्याच्या वाट्याचे जू लांब होई आणि त्याच्या मानेवर भार कमी येई. तगड्याच्या मानेवर अधिक. रान सरळ वखरले जाई. पाहणाऱ्याला वाटे, दोन्ही बैल बरोबरीने ओढताहेत. मी भौतिकशास्त्रात तरफ शिकलो तेव्हा मला त्या चार बोटांचा उलगडा झाला आणि वडिलांविषयी फार कौतुक वाटले. तगड्या बैलाचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

तो आता केला. आमच्या जोडीत तगडा कोण, याविषयी आजवर मला शंकाच नव्हती. महिन्याचा पगार माझा. पाऊस पडो न पडो, तो यायचा. माझ्या खांद्यावर घर उभे आहे असे मी धरून चाललो होतो. पण मोजायचे तर वाट कुणी पाहिली हे मोजायला हवे. आप्पाला केळी लावायची होती, त्यासाठी ठिबक करायचे होते. कर्जाला जमीन तारण ठेवायची तर माझी सही लागणार. मी तेव्हा चोपड्याला होतो. 'सुट्टीत आलो की पाहू' म्हणालो, आणि सुट्टीत आल्यावर 'यंदा भाव पडलेत, पुढच्या वर्षी' म्हणालो. असे एकदा नाही, तीनदा झाले. विहिरीची नवी मोटार, गोठ्याचे पत्रे, मुलाला जळगावला ठेवणे; प्रत्येक वेळी माझी चाल मंद आणि त्याने थांबायचे. पाचोरा-जामनेर गाडी आमच्याकडून जात असे तेव्हाचे आठवते. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी पाचोऱ्याला मोठ्या लाइनच्या गाडीची वाट पाहत उभी राही. मोठी गाडी तिच्यासाठी थांबलेली मला आठवत नाही. २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली, आणि त्या अरुंद रुळांवर पुन्हा धावली नाही. मी स्वतःला मोठ्या लाइनची गाडी समजत होतो, हे खरे. पण मोठी गाडी निदान वेळेवर येते तरी.

यंत्रात वाट पाहणे ही निव्वळ तूट आहे. माणसांत ती तूट असते की देणे असते, हे मला वाटते त्या वाट पाहण्यावरून ठरत नाही; ते कुणी मागितले होते का, यावरून ठरते. वडिलांनी दोरी सरकवली ती उघड्यावर, दोन्ही बैलांच्या आणि आमच्या डोळ्यांदेखत. आमच्या घरातली दोरी कुणी न सांगता सरकली होती, आणि ज्याच्या मानेवर भार वाढला त्याला मी उलट आधार दिल्याच्या गोष्टी सांगत होतो. आप्पाने कागद आणला म्हणून माझा अभिमान दुखावला. कागद आणण्याआधी तो बावीस वर्षे थांबला होता, ही गोष्ट मला कागद पाहताना सुचली नाही.

धनत्रयोदशीच्या सकाळी मी पुतण्याला हाक मारली. नऊ हजारांत दुसरे जुने कार्ड न घेता, हातातले विकून एकच नवे घ्यायचे तर वर किती लागतील ते विचारले. त्याने चाचरत आकडा सांगितला. आकडा मोठा होता. चार शब्दकोश असलेल्या माणसाने त्यावर काही बोलू नये, असे ठरवून मी होकार दिला. तो म्हणाला, "नाना, जुनं विकायला नको. आप्पांच्या हिशेबाच्या कॉम्प्युटरला बसवतो. चालतंय ते अजून." चालणाऱ्या वस्तूला एकटीने चालू देण्याचा हा मार्ग मला सुचला नव्हता.

दुपारी आप्पा शेतातून आला, हातपाय धुऊन ओट्यावर टेकला. मी खणातला कागद काढून त्याच्यापुढे ठेवला आणि विहिरीचे कलम तेवढे पुन्हा वाचायला सांगितले. त्याने विहीर सामाईकच ठेवली होती. मी कागद नीट वाचलाच नव्हता. जमिनीचे निम्मे-निम्मे बरोबर नाही, असे मी म्हणालो. बावीस वर्षे बांध त्याने घातले, गाळ त्याने टाकला. रस्त्याकडचा तुकडा त्याच्याकडे जावा. तो बराच वेळ कागदाच्या कडेवरून अंगठा फिरवीत राहिला. "रस्त्याकडचा नको भाऊ," तो म्हणाला, "तुमच्या मुलाला पुढंमागं बांधायला लागेल." आमच्यात पुन्हा तेच सुरू झाले; या वेळी निदान दोघांनाही ते दिसत होते. ठिबकच्या अर्जावर मी आधी सही केली. कागदावर अजून केलेली नाही.

मग त्याने विचारले, "आणि चूल?"

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. आत माझी पत्नी आणि भावजय परातीला परात लावून करंज्या भरीत होत्या. एक लाटत होती, दुसरी सारण घालून कातणे फिरवीत होती, आणि कशावरून तरी दोघी हसत होत्या. की भांडत होत्या, ओट्यावरून कळत नव्हते. तीस वर्षांत हा प्रश्न आम्ही त्यांना कधी विचारला नव्हता. आप्पा उठला, मीही उठलो, आणि आम्ही दोघे आत गेलो.